बाराव्या बटणावरचं जेवण

चव्वेचाळीस वर्षं मी एकच तक्रार करत आले, की हा माणूस फार बोलतो. जेवताना बोलतो, दात घासताना बोलतो, झोपेतसुद्धा कुणाला तरी वायर ओढायला सांगतो. दीड महिन्यापूर्वी आमच्या ह्यांना झटका आला आणि एका सकाळीत सगळं बोलणं थांबलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. देवाकडे तक्रार करायची नाही. तो फार मनावर घेतो.

अगदीच थांबलं असंही नाही म्हणा. शब्द गेले, पण आकडे राहिले. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांनी मला समजावून सांगितलं, "कपाटाचं मोठं दार अडकलंय असं समजा, एक खण तेवढा उघडतोय." कुणाची गाणी राहतात म्हणे, कुणाच्या शिव्या राहतात. आमच्या ह्यांचे आकडे राहिले. राहणारच! तीस वर्षं माणसानं दुसरं केलं काय? आम्ही केबलवाले. अख्ख्या भागातल्या टीव्हींना ह्यांच्या खोलीतून वायर जायची आणि कुठलं चॅनेल कुठल्या नंबरावर लावायचं ते हे ठरवायचे.

आणि उगाच कसंही नाही ठरवायचे. म्हाताऱ्यांना चटकन सापडावं म्हणून बातम्या तीनवर. माणूस कामावरून वैतागून येतो म्हणून विनोदी चॅनेल लगेच सातवर. पोरांचं कार्टून मुद्दाम पार अडतीसवर, का, तर तिथपर्यंत बटण दाबता दाबता पोरं कंटाळतील आणि अभ्यासाला बसतील. एकही पोर बसलं नाही. उलट सगळ्या भागातली पोरं शाळेत जायच्या आधी अडतीसपर्यंत मोजायला शिकली, आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, माझं अर्धं काम तुमच्या नवऱ्यानं केलं.

तर आता घरात असं चालतं. दारावरची बेल वाजली की हे म्हणतात, "तीन." म्हणजे बातमी काय, कोण आलंय. खिडकी उघड म्हणायचं असेल तर "सोळा", कारण सोळावर हवामान. कुणी काही गमतीचं बोललं की तोंडाचा एक कोपरा वर जातो आणि "सात". ह्यांनी गिऱ्हाइकांना वाटलेली चॅनेलांची यादी, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली, मी पलंगाशेजारी टांगून ठेवलीय. अडलं की बघते. नर्सबाई एकदा तपासायला आल्या होत्या, त्यांना वाटलं रक्तदाबाचा तक्ता आहे.

आणि मला हाक मारायची असेल तर "सत्तावीस".

सत्तावीसवर काय? मालिका. रडणाऱ्या सुना, कारस्थानी नणंदा, दर पाच मिनिटांनी ढगांचा गडगडाट. पहिल्यांदा हे मला सत्तावीस म्हणाले तेव्हा मी यादीत बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चव्वेचाळीस वर्षं संसार करून मी रडकं चॅनेल का? लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. तिला काय, ती चार तासांच्या विमानावर.

आता त्या यादीतलं काहीच उरलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको. केबल मेली ती काही एका दिवसात मेली नाही. आधी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आमचं आता इंटरनेटवर आहे, वायर काढा. हे स्वतः गेले आणि कापून आले. मग समोरचे, मग कोपऱ्यावरचा न्हावी. ज्यांच्या घरी वायर टाकताना चहा प्यायले त्यांच्याच घरची वायर काढताना पाणीसुद्धा नको म्हणायचे हे. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या डिशच्या छत्र्या उतरवल्या. सहा होत्या. हे खाली उभे राहून वर बघत होते आणि "सावकाश रे, सावकाश" म्हणत होते. जशी काही कुणाची पाठवणी होती. ज्या खोलीत यंत्रांची भिंत होती तिथं आता पार्सलवाला बसतो.

लेकीनं आमच्यासाठीही डबी पाठवली. इंटरनेटवरून टीव्ही. महिन्याची वर्गणी ती तिकडून भरते, आणि इकडे आम्ही दोघं डबीपुढे निरक्षर. सुरू केलं की विचारते, कोण पाहतंय? चार गोल चेहरे दाखवते, त्यातलं आमचं एकही तोंड नाही. मग चित्रंच चित्रं. नंबर कुठं आहेत ते शोधावं लागतं. आणि जरा वेळ रिमोटला हात लावला नाही की मधेच पडद्यावर येतं, तुम्ही अजून पाहताय का? मेलीला काय करायच्यात चौकशा! पाहते, नाहीतर झोपते, तुझ्या बापाचं काय जातं?

असो. मी सांगत होते जेवणाचं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. मग ह्यांनी खाणं सोडलं. सकाळी चहा-दूध घ्यायचे, पण ताट पुढं आलं की डाव्या हातानं, तोच तेवढा चालतो, दूर सारायचे. डॉक्टरांनी तपासलं. घसा ठीक, गिळता येतंय, पोट ठीक. गुरुवारी मला बाहेरच्या खोलीत नेऊन म्हणाले, "वजन फार उतरलंय. सोमवारी बघतो. तोपर्यंत नीट खायला लागले नाहीत तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू का, या वयात नळी परत लागली की मग तोंडानं खाणं अवघड होतं."

दवाखान्यात ती नळी ह्यांनी दोनदा उपसून काढली होती. दुसऱ्यांदा काढल्यावर हात बांधले होते ह्यांचे, आणि हे माझ्याकडे बघून रडत होते. चव्वेचाळीस वर्षांत ह्यांना रडताना मी त्या छत्र्यांच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

दवाखान्यानं वेळा लिहून दिल्या होत्या, आठ, बारा, चार, सात. मी त्या भिंतीवर चिकटवल्या होत्या आणि शाळेच्या घंटेसारख्या पाळत होते. बाराला ताट घेऊन उभी. मऊ भात, बटाट्याची भाजी, कधी मास्तरीणबाईंनी पाठवलेलं सूप. चमचा पुढं केला की हे मान फिरवायचे आणि म्हणायचे, "बेचाळीस."

"बेचाळीस काय?"

"बेचाळीस." ताट सारायचे, माझ्याकडे बघायचे आणि वाट बघायचे.

यादीत बेचाळीसवर दागिने विकणारं चॅनेल. शपथ! मोठ्या नखांची एक बाई हार फिरवून फिरवून दाखवायची ते. मी म्हटलं, ह्यांच्या मनात काही राहून गेलंय का? मला काही घ्यायचं म्हणाले होते का कधी? कपाटातून दागिन्यांचा डबा काढून आणला, पलंगावर उपडा केला. म्हटलं, "हे बघा, सगळं आहे. काही कमी केलं नाहीत तुम्ही." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू झटका मला आलाय. तरी तेवढ्यात तोंडाचा कोपरा वर गेला. "सात."

"हसा, हसा. आणि आता एक घास घ्या."

"बेचाळीस."

शुक्रवारी वाटलं, नव्या डबीवरचं बेचाळीस असेल. हे आजारी पडायच्या आधी त्या डबीशी झटापट करायचेच. शोधून शोधून नंबर लावला, तर कुलूप. वेगळी वर्गणी हवी म्हणे. लेकीला फोन, तिनं कुठल्या तरी कंपनीला फोन, त्यांनी तिला पाऊण तास बाजा ऐकवला. शेवटी उघडलं. काय होतं? एक माणूस तळ्याकाठी बसून मासे पकडत होता. बोलत नाही, चालत नाही. अर्धा तास मी ताट हातात घेऊन तो माणूस बघत होते, की आता काहीतरी होईल आणि आमचे हे तोंड उघडतील. त्याला मासा मिळाला नाही आणि मला घास भरवता आला नाही.

लग्नाची वर्षं मोजली, चव्वेचाळीस. लेकीचं वय, एकेचाळीस. जुना घरनंबर, जुन्या स्कूटरचा नंबर, कशाचा कशाला मेळ नाही. शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास कसेबसे गिळत होते आणि तिथंच रडले. आवाज न करता, कारण ह्यांचे कान तिखट आहेत.

मग डोक्यात आलं, शिडीभाऊजींना विचारावं.

शिडीभाऊजी म्हणजे ह्यांचे भागीदार. खरं नाव लग्नपत्रिकेवर होतं तेवढंच, बाकी जन्मभर शिडी. हे खोलीत यंत्रांपुढे आणि भाऊजी बाहेर, खांद्यावर शिडी टाकून या खांबावरून त्या खांबावर. धंदा बंद झाल्यापासून त्यांचे गुडघे दुखतात. चढायचे तेव्हा दुखत नव्हते, असं त्यांचंच म्हणणं. मी फोन केला तसे तासाभरात आले. ह्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला, "काय दादा, सिग्नल कसाय?" म्हणाले. ह्यांनी "सात" म्हटलं आणि भाऊजींनी मान वळवून खिडकीकडे बघत डोळे पुसले.

स्वयंपाकघरात आल्यावर मी सगळं सांगितलं. दागिने, मासे, सोमवार, नळी. आणि ते बेचाळीस.

भाऊजी यादी बघून म्हणाले, "वहिनी, ही शेवटची यादी. हिच्या आधी आम्ही पाच याद्या केल्या. चॅनेलं किती वेळा हलवली, काय विचारता. पण बेचाळीस..." आणि ते एकदम थांबले. "अहो, बेचाळीस तर तुमचं!"

"माझं काय?"

"तुमचं म्हणजे दादांचं. कॅमेऱ्याचं! दुपारचा डबा! यंत्रावर बेचाळीस नंबर होता त्याचा. तुम्ही नाही का बघायचात, घरी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बघायचे ते, पण माझ्या टीव्हीवर ते बेचाळीस नव्हतंच. आमचा जुना टीव्ही बारा बटणांचा. प्रत्येक बटणाला एकेक चॅनेल ह्यांनीच बारीक चाक फिरवून लावून दिलं होतं. माझ्यासाठी ते चॅनेल म्हणजे बारावं बटण.

हे नीट सांगते. लेक दहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी एक वाजता ह्यांच्या खोलीतून रोज एक सिनेमा लागायचा, अख्ख्या भागासाठी, कॅसेटवर. कॅसेट अर्ध्यात बदलावी लागायची, कधी फीत अडकायची, म्हणून हे जेवायला घरी येऊ शकायचे नाहीत. सकाळी डबा घेऊन जायचे. मी एकदा भांडले. म्हटलं, लग्न केलंय की खानावळ लावलीय? एकत्र जेवण म्हणून नाही आपल्या घरात! दुसऱ्या दिवशी ह्यांनी लग्नसमारंभाचं शूटिंग करायचा कॅमेरा खोलीत तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला, तो एका मोकळ्या नंबराला जोडला, घरी येऊन बाराव्या बटणावर लावून दिला आणि म्हणाले, "एक वाजता बारा दाब. मी दिसेन. आपण एकत्र जेवू. काळजी करू नकोस, आपल्याशिवाय कुणाच्याच टीव्हीवर लागणार नाही."

आणि खरंच दिसले हो! एक वाजता, पांढऱ्या भिंतीपुढे, डबा उघडून बसलेले. "आज कोबी का? कालही कोबीच होता. मीठ जरा कमी पडलंय. घेतलंस का वाढून? घे. मी सुरू करतो." मला हे दिसायचे, ह्यांना मी दिसायची नाही. मी ओरडून सांगायचे, मीठ बरोबर आहे, तुमचीच जीभ जड झालीय! पडद्यावरचा माणूस मजेत खात राहायचा.

आता गंमत. मास्तरीणबाईंनी नवा टीव्ही घेतला होता, आपोआप चॅनेलं शोधणारा. त्यानं शोधलं की! एक वाजता त्यांच्या घरात आमचे हे कोबी खाताना. आठवड्याभरात सगळ्या भागाला कळलं. सिनेमाची पहिली दहा मिनिटं सोडून लोक बेचाळीस लावून बसायचे. आमचे हे कॅमेऱ्याच्या काचेत बघून केस विंचरायचे, बेसूर गायचे, दातात अडकलेलं काडीनं काढायचे, आणि अख्खा भाग बघायचा. कुणीही ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर बंद करतील म्हणून. कोपऱ्यावरचा न्हावी तर ह्यांना एकदा म्हणाला, "वहिनींना सांगा, कोबीत वाटाणे घालून बघा," आणि ह्यांना वाटलं काय पण योगायोग! अकरा वर्षं चाललं हे. पुढं कॅसेट गेल्या, कॉम्प्युटर आला, सिनेमा आपला आपण लागायला लागला, तेव्हा हे जेवायला घरी येऊ लागले आणि कॅमेरा माळ्यावर गेला.

भाऊजी हसता हसता सांगत होते. "मी मधेमधे असायचो ना वहिनी तिथं. एक वाजता दादा डबा उघडायचे, पण लगेच खायचे नाहीत. मी म्हणायचो, गार होतंय, हाणा की! तर म्हणायचे, थांब रे, तिला वाढून घेऊ दे. दोन मिनिटं मोजून थांबायचे. मग पहिला घास."

मी ओट्यावरच्या माझ्या उष्ट्या ताटलीकडे बघितलं.

तिला वाढून घेऊ दे. म्हणून हे ताट सारतात. मी बाराच्या ठोक्याला नर्ससारखी चमचा घेऊन उभी, आणि माझं स्वतःचं जेवण ओट्यापाशी, चोरून, दोन घास. ह्यांना ते कळत होतं. म्हणून वाट बघत होते.

भाऊजी जाताना म्हणाले, "बघा, सुटला ना प्रश्न! तुम्ही बसा ताट घेऊन समोर, खातील." मी मान हलवली. पण त्यांना एक गोष्ट मी सांगितली नाही. ती मी कुणालाच कधी सांगितली नव्हती.

बाराव्या बटणावर मी जेमतेम एक महिना जेवले. कारण एक वाजता सत्तावीसवर, म्हणजे माझ्या तिसऱ्या बटणावर, मालिका सुरू झाली. आता ह्या डबीवर काय, कधीही लावा, थांबवा, मागं न्या, वर्षभरानं बघा. तेव्हा एकदा चुकलं की चुकलं. धाकट्या सुनेनं विष घेतलं की नाही हे न कळता माणसानं दिवस कसा काढायचा? पहिल्यांदा म्हटलं, आजच्या दिवस. मग म्हटलं, ह्यांना कुठं मी दिसते? आणि मग अकरा वर्षं मी तिसरं बटण दाबलं. संध्याकाळी मास्तरीणबाई जिन्यात वृत्तान्त द्यायच्या, आज मिठाला नावं ठेवली, आज गाणं म्हटलं, आज अर्ध्या जेवणातून उठून गेले आणि दहा मिनिटांनी आले. तेवढ्या भांडवलावर मी ह्यांना सांगायचे, "बघितलं हो, कोबीला नाकं मुरडत होतात ते!" हे खूश व्हायचे. आणि तो माणूस रोज दोन मिनिटं रिकाम्या खोलीसाठी डबा उघडा ठेवून थांबत होता. ही लाज मला शनिवारी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आली. आली ती चांगलीच आली.

रविवारी मी भिंतीवरच्या वेळा फाडल्या. बाराला काही केलं नाही. पाऊण वाजता ह्यांना खुर्चीत बसवलं, टेबल ओढलं. टीव्हीवर तो मासेवाला बसला होता, शुक्रवारपासून डबी उघडली की तोच समोर येतो. आवाज बंद केला आणि तसाच राहू दिला. एक वाजता दोन ताटं मांडली. मऊ भात, कोबी. मुद्दाम कोबी.

मी ह्यांच्यासमोर बसले. ह्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बेचाळीस," मी म्हटलं.

अगं बाई, तो चेहरा! अर्धाच हलतो, पण सगळा हसला. मी पहिला घास घेतला. ह्यांनी चमचा आपल्या हातानं उचलला, अर्धा भात छातीवर सांडला, अर्धा तोंडात गेला. दुसरा घास. तिसरा. मी मोजायचं नाही ठरवलं होतं तरी मोजत होते.

आणि मला राहवेना. समोर बसून खोटं खाणं मला जमत नाही. मी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. "अहो, मी तुमच्याबरोबर जेवलेच नाही. महिनाभर जेवले असेन. मग नाही. मास्तरीणबाईंकडून ऐकून सांगायचे तुम्हाला. तुम्ही थांबायचात म्हणे माझ्यासाठी. मला माहीत नव्हतं हो. मी तिकडं मालिका बघत बसायचे." नाक गळत होतं, पदर शोधत होते. "रागवा माझ्यावर. काहीही म्हणा, कुठलाही नंबर म्हणा, पण जेवण सोडू नका."

ह्यांनी चावणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सत्तावीस."

"हो, मीच सत्तावीस. रडकी."

ह्यांनी मान हलवली, नाही, नाही. चिडले थोडे. चमचा टाकला आणि डावा हात भिंतीवरच्या घड्याळाकडे केला. एक वाजून वीस मिनिटं. मग तेच बोट माझ्याकडे. "सत्तावीस." परत घड्याळ. परत मी. "सत्तावीस. सत्तावीस."

एक वाजता, मी, सत्तावीस.

"तुम्हाला माहीत होतं?"

तोंडाचा कोपरा वर गेला. "सात."

माहीत होतं! कसं नसणार? दुपारी धाकट्या सुनेला जाच झाला की संध्याकाळी मी ह्यांच्या आईला टोमणे मारायचे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. माझी मालिका ऐन रंगात आली की कधीकधी पडद्यावर मुंग्या यायच्या. नुसत्या पांढऱ्या मुंग्या आणि खरखर. मी टीव्हीला थपडा मारायचे, केबलवाल्याचा उद्धार करायचे, आणि पाच-दहा मिनिटांत चित्र परत लागायचं. मी म्हणायचे, नशीब माझं! आणि त्याच दिवशी मास्तरीणबाई जिन्यात सांगायच्या, आज अर्ध्या जेवणातून उठून गेले.

अकरा वर्षं दोन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या. कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

"जेवण टाकून उठायचात? माझ्या त्या मालिकेसाठी?"

ह्यांना त्यात काही सांगण्यासारखं वाटलं नसावं. ते चमचा शोधत होते. मी उचलून हातात दिला. हे खायला लागले. मी रडतही होते आणि खातही होते, आणि कोबीत मीठ खरंच कमी होतं.

तेवढ्यात टीव्हीवरचा मासेवाला जिथल्या तिथं थिजला आणि त्याच्या अंगावर ती पाटी आली, तुम्ही अजून पाहताय का? हा प्रश्न आमच्या ह्यांनी मला अकरा वर्षांत एकदाही विचारला नव्हता. रोज कॅमेऱ्यासमोर बसून, मी तिथं नाही हे माहीत असून, घेतलंस का वाढून, असंच विचारत राहिले.

मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. ह्यांचं ताट जवळजवळ रिकामं झालं होतं. मी म्हटलं, "थांबा, भात आणते," आणि आत गेले. बाहेर आले तर हे चमचा ताटात ठेवून, हात मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या ताटात अजून अर्धं जेवण होतं.

मी बसले आणि वाढून घेतलं.